बोळ, वाळू आणि विहीर : अष्टागरातल्या एका झिरपत्या रस्त्याचं प्रकरण

मोठ्या काकीची पहिली तक्रार पाण्याची नव्हती, डाळीची होती. "तीन शिट्ट्यांत शिजायची रे तुरीची डाळ. हल्ली सहा झाल्या तरी दाणा तसाच. आणि चहाला कसलीशी चव येते." वैशाख लागला होता. घरामागच्या विहिरीत पाणी होतं, अगदी पुरुषभर होतं. पण घोट घेतला की जिभेच्या कडांना कळत होतं की हे पाणी आता गोडं राहिलेलं नाही. मचूळ झालं होतं.

आमचं गाव अष्टागरातलं, म्हणजे अलिबागच्या किनारपट्टीवरचं. नाव लिहीत नाही, कारण थळपासून रेवदंड्यापर्यंत अशी गावं रांगेनं आहेत आणि जे आमच्याकडे झालं ते कमी-अधिक प्रमाणात सगळीकडे चालू आहे. मुख्य रस्ता सोडला की समुद्राकडे जाणारा एक बोळ लागतो. लांबी ११० मीटर, रुंदी ३ मीटर. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, वाड्यांत नऊ घरं आणि प्रत्येक घराची आपली विहीर. बोळाच्या शेवटी सुरूची झाडं, मग पुळण, मग दर्या. मी पेशानं स्थापत्य अभियंता आहे, पुण्यात नोकरी केली आणि आता निम्मं वर्ष गावात असतो. या बोळाचं पुढे जे झालं त्यात माझा हात होता. त्यात जमलेलं आहे तसं फसलेलंही आहे, आणि दोन्ही सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

विहिरी इथे फार खोल नाहीत, पाच-सहा मीटर. खाली सगळी वाळू. घाटावरच्या माणसाला नवल वाटतं की समुद्र हाकेच्या अंतरावर असताना विहिरीला गोडं पाणी कसं. कारण साधं आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. या एवढ्याशा फरकावर आमच्या वाड्या उभ्या आहेत. गायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावानं ओळखला जाणारा जुना हिशेब सांगतो की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर त्या गोड्या पाण्याचा थर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत जातो. प्रत्यक्षात सीमा इतकी धारदार नसते, मध्ये मचूळ पाण्याचा जाड पट्टा असतो. पण प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ते उलटंही चालतं. वरची पातळी वीतभर उतरली की खालचं खारं पाणी कितीतरी वीत वर सरकतं. आणि जिथे पंप जोरात ओढतो, तिथे नेमकं विहिरीच्या तळाखाली ते शंकूसारखं उचलून येतं.

रहाट होते तेव्हा हे घडत नव्हतं. रहाटाची गाडगी सावकाश वर यायची, पाणी डोणीत पडायचं, तिथून पाटानं सुपारीच्या आळ्यात. शिंपणं तासन्‌तास चालायचं आणि तेवढ्यात बाजूच्या वाळूतून विहिरीत पाणी भरून यायचं. आता एका अश्वशक्तीचा पंप तेच काम झटक्यात करतो. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बोळाबद्दल कितीही लिहिलं तरी पंपाला सोडून हा हिशेब पुरा होत नाही.

बोळ काँक्रीटचा झाला

बोळ पूर्वी वाळूचा होता. मध्ये जांभ्याचे चिरे टाकलेले, फटींतून गवत. पावसाळ्यात चिखल फारसा व्हायचा नाही, पण चिरे शेवाळायचे आणि म्हातारी माणसं घसरायची. शेजारच्या आबांचं खुब्याचं हाड तिथेच मोडलं. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, वाड्या आडव्या झाल्या. पडलेले माड आणि पोफळी बाहेर काढायला ट्रॅक्टर आत आणावे लागले, आणि बोळाचं होतं नव्हतं ते सगळं उखडलं गेलं. त्यामुळे पुढे काँक्रीट करायचं ठरलं तेव्हा कुणीही विरोध केला नाही. मीही केला नाही. आजारी माणसाला उचलून मुख्य रस्त्यापर्यंत न्यायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना पक्का रस्ता का हवा असतो हे समजावून सांगावं लागत नाही.

रस्ता झाला. खाली मुरमाचा भराव, त्यावर रोलर, वर काँक्रीट, कडेला गटार. गटाराचा उतार समुद्राकडे.

पहिल्याच पावसाळ्यात दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे बोळाच्या खालच्या टोकाला पाणी लोंढ्यानं येऊ लागलं. नऊ घरांच्या कौलांच्या पागोळ्या पूर्वी वाळूत पडायच्या, त्या आता काँक्रीटवर पडत होत्या आणि सगळं पाणी गोळा होऊन काकीच्या ओट्याला भिडत होतं. दुसरी गोष्ट सावकाश कळली. गटारानं तेच पाणी पुळणीवर नेऊन सोडलं होतं. अलिबागच्या बाजूला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो पाऊस आमच्या दारात पडत होता आणि आम्ही तो उचलून समुद्राला देत होतो.

याच काळात गावाचा चेहरा बदलला. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि मुंबईची गाडी बोटीत बसून थेट इकडे उतरू लागली. वादळात उजाड झालेल्या काही वाड्यांचे प्लॉट झाले, काहींत पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या. उत्पन्न आलं, मुलं गावात राहिली, ते मला मोलाचं वाटतं. पण पाणी त्याच वाळूतून, त्याच विहिरींतून. त्यामुळे डाळीच्या शिट्ट्या वाढल्या त्या एकट्या बोळामुळे, असं मी म्हणणार नाही. बोळानं जमिनीत जाणारं पाणी कमी केलं आणि पंपांनी बाहेर येणारं वाढवलं. दोन्ही एकाच वेळी झालं.

शिकागोकडून काय घ्यायचं

झिरपणाऱ्या रस्त्याची, म्हणजे पाणी अंगावरून न घालवता खालच्या जमिनीत सोडणाऱ्या रस्त्याची, कल्पना मला नवी नव्हती. शिकागोत घरांच्या मागून जाणारे सुमारे ३,००० किलोमीटर लांबीचे बोळ आहेत. त्यांतले बरेच गटाराला जोडलेलेच नव्हते, त्यामुळे पाऊस आला की पाणी तुंबायचं आणि तळघरांत शिरायचं. २००६ पासून तिथल्या महापालिकेनं हे बोळ टप्प्याटप्प्यानं झिरपत्या काँक्रीटनं, झिरपत्या डांबरानं किंवा फटी ठेवलेल्या ब्लॉकांनी करायला घेतले. पण शिकागो पाणी पितं मिशिगन सरोवराचं. त्यांचा मुख्य उद्देश पूर टाळणं आणि गटारांवरचा ताण कमी करणं हा होता. लॉस एंजेलिसचं तसं नाही. तिथे वर्षाला जेमतेम ३५० ते ४०० मिलिमीटर पाऊस, आणि १९१३ पासून ते शहर शेकडो किलोमीटरवरच्या ओवेन्स खोऱ्यातून कालव्यानं पाणी आणतं. तिथल्या बोळांत पाणी जिरवायचं ते जमिनीखालचा साठा भरावा म्हणून.

आमची गरज दोन्हींसारखी आहे आणि दोन्हींसारखी नाही. लॉस एंजेलिसला वर्षभरात मिळतो तेवढा पाऊस आमच्याकडे जुलैच्या एखाद्या जोराच्या आठवड्यात पडून जातो. पाऊस कमी पडतो हे आमचं दुखणं नव्हेच. चार महिन्यांत आलेलं पाणी वाळूत किती दिवस टिकतं आणि खाऱ्याला किती दाबून धरतं, हा आमचा प्रश्न. शिकागोकडून मात्र एक गोष्ट जशीच्या तशी घेण्यासारखी होती : बोळाखाली कसली माती आहे हे आधी बघायचं आणि मग ठरवायचं. वाळू असेल तर सगळं पाणी खाली सोडायचं, चिकणमाती असेल तर खाली नळी घालून जादा पाणी बाहेर काढायचं.

हे कोकणात फार महत्त्वाचं आहे. आमची खालची वाळू रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या जांभ्याच्या पठारावर, नाही. तिथे वर जांभा, खाली चिकट माती. जांभा पाणी भराभर पितो आणि तितक्याच भराभर झऱ्यांतून, वहाळांतून सोडून देतो. पावसाळ्यात तिथल्या विहिरी तुडुंब आणि माघ-फाल्गुनात तळ दिसतो. तिथल्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, एकेकाळी कोरड्या जांभ्याच्या असत, फटींतून पाणी झिरपायचं. आता बऱ्याच पाखाड्यांवर सिमेंट चढलं आहे. तिथे झिरपता रस्ता करू नये असं नाही, पण त्यानं मे महिन्यात विहिरीला पाणी येईल असं वचन कुणी देऊ नये. वाळूच्या पट्ट्यात तो जास्त कामाचा, कारण इथे मुरलेला प्रत्येक थेंब खाऱ्यावर वजन टाकतो.

खड्डे खणून पाहिलं

काँक्रीट फोडायच्या आधी आम्ही बोळाच्या कडेला चार ठिकाणी फूटभर लांबी-रुंदीचे खड्डे घेतले. पाणी भरलं, एकदा पूर्ण जिरू दिलं, पुन्हा भरलं आणि घड्याळ लावून बसलो. खालच्या तीन खड्ड्यांत पाणी बघता बघता गेलं. मुख्य रस्त्याजवळच्या चौथ्यात ते दुपारपर्यंत तसंच राहिलं. खणलं तेव्हा कारण सापडलं. रस्त्यासाठी टाकलेला आणि रोलरनं दाबलेला मुरूम तिथे जाड होता. म्हणजे वरचं काँक्रीट कितीही झिरपतं केलं तरी खालचा मुरूम ठेवला असता तर आम्ही चाळणीखाली ताट धरलं असतं. म्हणून खालचा ७० मीटरचा भाग पूर्ण उकरायचा, मुरूम काढून टाकायचा आणि वरचे ४० मीटर सध्या सोडायचे, असं ठरलं.

खणताना आणखी एक गोष्ट उघडी पडली, आणि ती मला आजही जास्त गंभीर वाटते. दोन घरांच्या मोरीचं पाणी थेट गटारात येत होतं आणि एका शोषखड्ड्याचं तोंड बोळाच्या अगदी कडेला होतं. वाळू पाणी गाळते हे खरं, पण शोषखड्डा आणि विहीर यांच्यात १५ मीटर तरी अंतर हवं, आणि वाड्या लहान झाल्यावर ते कुठे राहतं? गटाराचं पाणी जमिनीत सोडायला आम्ही निघालो होतो, म्हणून आधी गटारात काय येतं ते बघणं भाग होतं. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यांकडे वळवलं. शोषखड्डा हलवायला त्या घरातल्या दादांनी आठवडाभर नाही म्हटलं. मग त्यांच्याच सुनेनं विहिरीचं पाणी तपासून आणलं, आणि दुसऱ्या दिवशी खड्डा हलला. गावात विहिरीत पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर टाकली जाते, तरी त्यावर सगळा भार टाकू नये.

रचना अशी ठरली. तळाला वाळू, ती दाबायची नाही. त्यावर झिरपतं कापड, म्हणजे वाळू वर येऊन खडीत मिसळणार नाही. त्यावर धुतलेली दीड इंची खडी, ३०० मिलिमीटर जाड. अशा खडीत साधारण ४० टक्के पोकळी असते, म्हणजे १२० मिलिमीटर पाऊस तिच्यात मावतो आणि खाली सावकाश जातो. वर १५० मिलिमीटर झिरपतं काँक्रीट. त्यात सळई नाही. तशीही आमच्याकडच्या खाऱ्या हवेत आणि सच्छिद्र काँक्रीटमध्ये सळई गंजायला वेळ लागला नसता.

लाडू वळून बघायचा

झिरपतं काँक्रीट म्हणजे वाळू नसलेलं काँक्रीट. एकाच मापाची बारीक खडी, तिच्यावर सिमेंटचा लेप आणि खडीखडीत राहिलेल्या फटी. फटी १५ ते २५ टक्के. चांगल्या जमलेल्या काँक्रीटमधून दर मिनिटाला चौरस मीटरमागे १२० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी जातं. ताशी १०० मिलिमीटरची सर म्हणजे मिनिटाला चौरस मीटरमागे १.७ लिटरसुद्धा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याची सरासरी ताशी ४० मिलिमीटरच्या आतच येते. म्हणजे नऊ-दशांश फटी बुजल्या तरी कागदावर हा रस्ता कोकणातला पाऊस पिऊ शकतो.

कागदावर. पहिले १२ मीटर आम्ही घातले आणि ते पूर्ण फसले.

मिस्त्री अनुभवी माणूस. त्यानं आयुष्यभर कोबे घोटले आहेत. मिक्सरमधून माल निघाला तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, ह्याच्यात वाळूच नाही, हे धरणार कसं?" मी प्रमाण दाखवलं. ५० किलोच्या गोणीला १५ लिटरच्या आसपास पाणी. नेहमीच्या कामात तो २५ लिटरच्या खाली कधी जात नाही. दुपारी ऊन वाढलं, माल सुकायला लागला, आणि मी जेवायला गेलो असताना कुणीतरी मिक्सरमध्ये बादली ओतली. परत आलो तर मिस्त्री गुडघ्यावर बसून रंधा फिरवत होता. बोळ आरशासारखा दिसत होता. इतकं देखणं काम त्यानं केलं होतं की मला तोंड उघडवेना.

आठ दिवसांनी त्यावर पाणी ओतलं. ते तळ्यासारखं साचलं. एक तुकडा फोडून पाहिला तर जादा पाण्यानं सिमेंटचा लेप खडीवरून सुटून खाली उतरला होता आणि तळाला त्याचा अख्खा पापुद्रा झाला होता. वरून रंध्यानं फटी लिंपल्या, खालून लेपानं. ते १२ मीटर फोडले. नऊ घरांच्या वर्गणीतून झालेलं काम फोडताना बघणं सोपं नव्हतं. चूक मिस्त्रीची नव्हती. मी त्याला प्रमाण दिलं होतं, पण त्याच्या हाताला जे चांगलं काम म्हणून माहीत आहे त्याच्या नेमकं उलट इथे करायचं आहे, हे मी त्याला नीट सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला काम पहाटे सुरू केलं. मिस्त्रीनंच खूण शोधली. माल मुठीत घेऊन लाडू वळायचा. लाडू सुटला तर पाणी कमी. हाताला सिमेंटचं पाणी ओघळलं तर जास्त. लाडू टिकला, खडी न्‌ खडी वेगळी दिसली आणि तिच्यावर ओलसर चकाकी असली की बरोबर. त्या दिवसापासून मिक्सरच्या प्रत्येक घाण्याचा लाडू तो स्वतः वळत होता आणि बाकीच्यांना दाखवत होता. रंधा घरी ठेवला. व्हायब्रेटर नाही. फळीनं समतल करायचं, हलका रूळ फिरवायचा आणि लगेच प्लास्टिकचा कागद अंथरायचा. लगेच म्हणजे खरोखर लगेच, वीस मिनिटांच्या आत, कारण फटींतून वारा शिरतो आणि काँक्रीट आतून सुकतं. सात दिवस कागद उचलायचा नाही. समुद्रावरचा वारा कागद उडवत होता, म्हणून दोन्ही कडांना चिरे ठेवले आणि शाळेतून येणाऱ्या मुलांना काकीनं ओट्यावर बसून सात दिवस हाकललं.

तपासणीसाठी आम्ही तळ काढलेली बादली वापरली. व्यास ३० सेंटिमीटर. ती रस्त्यावर ठेवून कडा शाडूनं लिंपायच्या, आधी थोडं पाणी ओतून काँक्रीट भिजवायचं, मग २० लिटर ओतायचं आणि वेळ बघायची. अडीच मिनिटांत गेलं तर दर मिनिटाला चौरस मीटरमागे सुमारे ११० लिटर. ही चाचणी शाळेतली मुलंही करू शकतात, आणि आता तीच करतात.

मृगाचा पहिला पाऊस

पहिल्या सरीत काकीच्या ओट्याला पाणी लागलं नाही. पागोळ्या पडत होत्या आणि बोळात दिसेनाशा होत होत्या. माणसं छत्र्या घेऊन ते बघायला उभी होती. मलाही तिथून हलावंसं वाटेना.

आठच दिवसांनी बोळावर तांबडी साय धरली. मुख्य रस्त्याजवळ एका घराचं काम चालू होतं. तिथे जांभ्याचे चिरे तासत होते, क्रश सँडचा ढीग उघडा होता. वरच्या ४० मीटर जुन्या काँक्रीटवरून तो सगळा गाळ धुऊन आमच्या नव्या भागाच्या तोंडाशी आला आणि पहिल्या सात-आठ मीटरमधल्या फटी बुजल्या. सच्छिद्र रस्त्यात सगळ्यात मोठी भीती हीच असते. कुणी बांधकाम थांबवा म्हणू शकत नाही, पण ढिगाला कागद आणि समोर चिऱ्यांची एक ओळ एवढं मागता येतं, आणि मागितल्यावर मिळालंही. पाऊस उघडल्यावर ताठ खराट्यानं कोरडा गाळ झाडून उचलला. मग गाड्या धुवायच्या जोराच्या फवाऱ्यानं तिरपं पाणी मारून उरलेला गाळ फटींबाहेर काढला. सरळ खाली मारलं तर तो आणखी खोल जातो. बराचसा भाग मोकळा झाला, अगदी तोंडाजवळचा दीड-दोन मीटर नाही झाला. तो तसाच आहे.

सुपारीची पानं, नारळाचा मोहर, सावलीत धरणारं शेवाळ यांसाठी आता पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा अशी बोळाची साफसफाई ठरली आहे. घरं आळीपाळीनं करतात. एका वर्षी चुकली तरी मोठं नुकसान नाही. सलग तीन-चार वर्षं चुकली तर हा रस्ता पुन्हा साधा काँक्रीटचा होईल, फक्त कमी मजबूत. जड गाड्यांसाठी तो नाहीच, म्हणून तोंडाशी जांभ्याचा एक खांब रोवला आहे. रिक्षा आणि रुग्णवाहिका जाते, डंपर जात नाही.

मग पुनर्वसू-पुष्याचा पाऊस आला आणि बोळात पाणी साचलं. लोक म्हणाले, बंद पडला रस्ता. रस्ता बंद पडला नव्हता. विहिरीत डोकावून पाहिलं तर पाणी हातानं घेता येईल इतकं वर होतं. खालची वाळूच भरली होती, तिला आणखी पाणी नको होतं. अशा वेळी खडीच्या थरातून जादा पाणी बाहेर काढणारी नळी जुन्या गटाराला जोडलेली आहे, ती वाहू लागली. आषाढ-श्रावणाच्या भर पावसात झिरपता रस्ता जमिनीला फारसं काही देत नाही. तो देतो ते सुरुवातीला आणि शेवटी. हस्ताच्या, चित्राच्या, परतीच्या सरी दुपारून गडगडत येतात, तासाभरात कोसळतात आणि जातात. तोवर विहिरींची पातळी उतरायला लागलेली असते, पंप सुरू झालेले असतात आणि वाळूत जागा झालेली असते. काँक्रीटच्या बोळावरून त्या सरी पंधरा मिनिटांत समुद्रात जायच्या. आता त्या आत जातात. माझ्या मते सगळ्या खटाटोपाचं मोल त्या महिन्या-दीड महिन्यात आहे.

पंपाचा हिशेब

आता जो हिशेब आम्ही ओट्यावर बसून मांडला तो. पूर्ण बोळ ३३० चौरस मीटर. वर्षाला २,००० मिलिमीटर पाऊस धरला तर ६ लाख ६० हजार लिटर. बोळाकडे उतरणारी कौलं सुमारे ४५० चौरस मीटर धरली तर आणखी ९ लाख. दोन्ही मिळून १५ लाख ६० हजार लिटर. आकडा ऐकून सगळे खूश झाले.

मग दुसरी बाजू मांडली. उथळ विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप तासाला ८,००० लिटर उपसतो असं धरलं, तर हे सगळं पाणी १९५ तासांत संपतं. रोज एक तास म्हणजे साडेसहा महिने. एक पंप. बोळात नऊ आहेत. आणि वरचं सगळं पाणी जमिनीत टिकतं असंही नाही. निम्मं-अधिक तर भर पावसात ओसंडून जातं आणि मुरलेलं सावकाश समुद्राकडे सरकतं. एका घरी पाहुण्यांसाठी पोहण्याचा लहान तलाव आहे, ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, १.२ मीटर खोल. तो एकदा भरायला ३८ हजार लिटर लागतात. अख्ख्या बोळावर ११५ मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढं पाणी होतं.

त्या घरातली मुलगी हिशेब ऐकत होती. तिनं तलाव बंद केला नाही, पण दर पंधरवड्याला बदलायचं पाणी आता गाळून फिरवते.

पंपांबद्दल अजून पूर्ण एकमत नाही. समुद्राजवळच्या दोन विहिरींवर सगळ्यात आधी मीठ चढतं, म्हणून तिथे सलग तासभर न ओढता सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं ओढायचं ठरलं. म्हणजे रहाटाची चाल पंपाला शिकवायची. वाडीला ठिबक बसवलं तर उपसा आणखी कमी होईल, पण पोफळीला पाटाच्या पाण्याची सवय असते असं जुनी माणसं म्हणतात. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. चार झाडांवर आधी करून बघणार आहोत.

वरच्या ४० मीटरचं काँक्रीट लगेच फोडणं परवडणारं नाही. त्याऐवजी पागोळ्या जिथे पडतात ती रेघ दोन्ही कडांना दीड-दीड फूट कापायची, खालचा मुरूम काढायचा आणि खडी भरायची, असा विचार आहे. मधला रस्ता तसाच राहील, कौलांचं पाणी कडेनं आत जाईल. खर्च थोडा, आणि बिघडलं तर खराटा आणि घमेल्यानं दुरुस्त होण्यासारखं. आधी हेच केलं असतं तर ते १२ मीटर फोडावे लागले नसते, असं मला आता वाटतं. ज्यांच्या गावात काँक्रीटचे बोळ झालेले आहेत त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

पातळी मोजायचं काम काकीनं घेतलं आहे. सुंभाच्या दोरीला वितीवितीवर गाठी मारल्या आहेत, टोकाला लोखंडाचं कडं. समुद्र जवळ असल्यानं भरती-ओहोटीबरोबर विहिरीचं पाणीही थोडं वर-खाली होतं, म्हणून ती दर अमावास्येला ठरल्या वेळी, ओहोटी पुरी झाल्यावर, पंप लागायच्या आधी दोरी सोडते. कॅलेंडरच्या त्या चौकोनात गाठीचा आकडा लिहिते आणि शेजारी चव : गोडं, बरं, मचूळ.

गेल्या अमावास्येला तिनं दोरी वर ओढली, ओल्या गाठी दोनदा मोजल्या, आकडा लिहिला आणि चूळ भरून पाहिली. मग पेन्सिल कानामागे ठेवत मला विचारलं, "पलीकडच्या वाडीतला पंप रात्रभर चालू होता का रे?"